शेनंडोआतले गडगे

लेबर डेच्या जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि त्याच्या ऑफिसातला एक मित्र, ॲपलेशियन ट्रेलचा एक छोटासा तुकडा चालून आलो. थॉर्नटन गॅप ते स्विफ्ट रन गॅप. व्हर्जिनिया राज्य, शेनंडोआ नॅशनल पार्कचा मधला भाग, साधारण ३४ मैल, दोन मुक्काम. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले तेव्हा मावशीचा पहिला प्रश्न आला, "एवढं चालून शेवटी पोचलात कुठे?" प्रश्न अगदी रास्त आहे. स्विफ्ट रन गॅपला ना देऊळ आहे ना किल्ला. एक हायवे डोंगर ओलांडतो ती खिंड, एवढंच. शिवाय डोंगरमाथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह नावाचा गाडीरस्ता ट्रेलच्या शेजारून जातो, त्यावरून हेच अंतर तासाभरात होतं. तीन दिवस पाठीवर ओझं घेऊन चालायचं आणि मधून मधून झाडीपलीकडून मोटरसायकलींचा आवाज ऐकायचा, असा हा प्रकार!

बाबांचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी एक फोटो मोठा करून बघितला असणार, कारण त्यात मी आणि माझी सॅकच जास्त दिसत होतो. त्यांनी लिहिलं, "मागे गडगा दिसतोय. जंगलात गडगा कोणी घातला?"

कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगते. गडगा म्हणजे चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचून घातलेली बुटकी भिंत. तो अस्वलाला लागत नाही, हरणाला लागत नाही. गडगा लागतो परसाला, गुरांना आणि भावकीला. म्हणजे गडगा आहे तिथे कधीतरी माणसं होती, त्यांच्यात हद्दी होत्या, आणि बहुतेक भांडणंही होती. बाबांना व्हॉट्सॲपवर चार ओळीत उत्तर दिलं, पण ते काही खरं उत्तर नव्हे. म्हणून हा लेख. जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ट्रेलबद्दल. दक्षिणेला जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून उत्तरेला मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून जाणारी जवळजवळ २,२०० मैलांची ही पायवाट. झाडांच्या खोडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले असतात, ते धरून चालायचं. सगळी एका दमात चालणाऱ्यांना पाच-सहा महिने लागतात. १९४८ साली अर्ल शेफर नावाचा, महायुद्धावरून परतलेला एक तरुण ती पहिल्यांदा सलग चालून गेला. १९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या बाई गेल्या. ११ मुलांची आई, पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. (आमच्या सामानाची यादी त्यांनी पाहिली असती तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.) नोकऱ्या करणारे आमच्यासारखे लोक हीच वाट तुकड्या-तुकड्याने चालतात.

ही कल्पना ज्याची, तो माणूस म्हणजे बेंटन मकाय. शिक्षणाने वनशास्त्रज्ञ, स्वभावाने थोडा स्वप्नाळू. १९२१ च्या एप्रिलमधे त्याच्या बायकोने न्यूयॉर्कमधे आत्महत्या केली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली बाई होती ती. मकाय पार मोडून गेला. एका मित्राने त्याला न्यू जर्सीत आपल्या घरी नेऊन ठेवलं, तिथे त्याने हा आराखडा लिहून काढला, आणि तो त्याच वर्षी ऑक्टोबरमधे छापून आला. छापला कोणी? गिर्यारोहकांच्या मासिकाने नव्हे, आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेच्या मासिकाने. कारण मकायला नुसती पायवाट नकोच होती. त्याला वाटेवर राहण्याचे तळ हवे होते, तळांभोवती छोट्या वस्त्या, आणि त्यांना जोडून शेती. शहरातल्या कारखान्यांत आणि ऑफिसांत पिचलेल्या माणसाने डोंगरावर यावं, ताजं व्हावं, जमलं तर तिथेच सहकाराने शेती करत राहावं. पायवाट म्हणजे या सगळ्याला ओवणारा दोरा.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आवडलं होतं. अजूनही आवडतं. फक्त आता वाचताना एक गोष्ट खटकते. डोंगरावर वस्ती आणि शेती वसवायची हे स्वप्न १९२१ सालचं. आणि त्या साली ब्लू रिजच्या डोंगरात वस्ती आणि शेती होतीच की! पाच-सहा पिढ्यांपासून होती. लेखाचा सगळा रोख मात्र शहरातून तिथे येणाऱ्या माणसाकडे.

स्वप्न मकायचं, पण वाट प्रत्यक्ष आखून घेतली ती दुसऱ्याच माणसाने. मायरन एव्हरी. मूळचा मेनचा, पेशाने सागरी कायद्याचा वकील. मोजायचं चाक ढकलत मैलच्या मैल चालायचा आणि कुठे झरा, कुठे वळण, सगळं टिपून ठेवायचा. १९२७ साली वॉशिंग्टनमधे पोटोमॅक ॲपलेशियन ट्रेल क्लब निघाला, त्याचा पहिला अध्यक्ष तोच. आम्ही चाललो तो भाग आजही याच क्लबचे स्वयंसेवक सांभाळतात. सुट्टीच्या दिवशी कुऱ्हाडी-करवती घेऊन येतात आणि वाटेवर पडलेली झाडं कापून जातात. एव्हरीला मकायच्या वस्त्या-बिस्त्यांत काडीचा रस नव्हता. त्याला ट्रेल पुरा झालेला बघायचा होता. असा एकेक माणूस आपल्याकडच्या गणेशमंडळांतही असतो. त्याच्याशी कोणाचं पटत नाही आणि त्याच्यावाचून मांडव उभा राहत नाही.

या दोघांचं जुळणं शक्यच नव्हतं आणि बिनसलं ते नेमकं शेनंडोआवरून. झालं असं की १९२९ साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूव्हरने इथल्या डोंगरात, रॅपिडॅन नदीच्या उगमाजवळ, मासे पकडायला आणि विश्रांतीला एक कॅम्प बांधला होता. तिथून घोड्यावर फिरताना त्याला वाटलं की या माथ्यावरून रस्ता काढला पाहिजे, म्हणजे सगळ्यांनाच हे दृश्य बघता येईल. १९३० साली मोठा दुष्काळ पडला होता. आपल्याकडे दुष्काळी कामं निघतात तसाच दुष्काळाच्या निधीतून १९३१ मधे रस्ता सुरू झाला, आणि आसपासच्या गांजलेल्या शेतकऱ्यांना कामावर घेतलं गेलं. एव्हरीच्या क्लबने नुकतीच आखलेली पायवाट या रस्त्याने बरीचशी गिळली.

मकाय संतापला. डोंगरमाथा मोटारींना द्यायचा नाही, यावर तो ठाम होता. एव्हरी म्हणत होता की रस्ता होणारच आहे, तर सरकारकडून शेजारी नवी, चांगली पायवाट बांधून घेऊ. आणि त्याने ती घेतली. भांडण विकोपाला गेलं. १९३५ साली मकायने बॉब मार्शल, हार्वी ब्रूम वगैरे मंडळींबरोबर वाइल्डरनेस सोसायटी काढली. एव्हरी आपल्या कामात राहिला, आणि १४ ऑगस्ट १९३७ ला मेनमधे शेवटचा तुकडा जोडून ट्रेल पुरा झाला. अमेरिकेतल्या निसर्गप्रेमींच्या पुस्तकांत हे भांडण मोठ्या चवीने सांगितलेलं असतं आणि वाचणाऱ्याने बाजू घ्यायची असते. आमच्या ट्रिपवरही झाला वाद. नवरा एव्हरीच्या पक्षात, मित्र मकायच्या. मला चालता चालता असं वाटत राहिलं की हे दोघं कशावरून भांडले? रस्ता हवा की नको, यावरून. तिथे राहणाऱ्यांचं काय, हा त्या भांडणाचा मुद्दाच नव्हता.

तर आता बाबांच्या गडग्याकडे येते.

थॉर्नटन गॅपहून निघालं की पहिल्यांदा मेरीज रॉकचा चढ लागतो. खिंड २,३०० फुटांवर, माथा ३,५१४ फुटांवर. सिंहगडाएवढा नाही, पण पाठीवर तीन दिवसांचं सामान असलं की पुरे होतो. वर पोचल्यावर पश्चिमेला शेनंडोआचं खोरं आणि खाली खिंडीतून जाणारा ली हायवे दिसतो. याच हायवेवर, खिंडीजवळ, मेलँक्थन क्लायझर नावाच्या माणसाचं घर होतं. घराबरोबर पेट्रोल पंप आणि खाण्याचं छोटं दुकान. म्हणजे डोंगरातला कोणी अडाणी, जगापासून तुटलेला माणूस नव्हे, चांगला धंदा करून राहिलेला माणूस. पार्कसाठी जागा सोडायला तो तयार नव्हता. १९३५ च्या ऑक्टोबरमधे शेरीफ आला आणि त्याला बेड्या घालून बाहेर काढलं. बेड्या घालत असताना तो काय करत होता? अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणत होता.

हे सगळं कसं झालं ते थोडक्यात सांगते. पूर्वेकडच्या मोठ्या शहरांजवळ एक नॅशनल पार्क असावं असं १९२० च्या दशकात ठरलं. पश्चिमेला यलोस्टोनसारखी पार्कं झाली होती, पण ती बहुतेक सरकारी जमिनीवर. इकडे जमीन खासगी होती. १९२६ साली काँग्रेसने शेनंडोआ पार्कला मंजुरी दिली, पण एका अटीवर: जमीन व्हर्जिनिया राज्याने मिळवून केंद्राला फुकट द्यायची. राज्याने सहा डॉलरला एकर अशी वर्गणीची मोहीम काढली. पैसे अपुरे पडले, तशी पार्कची हद्द लहान लहान होत गेली. शिवाय एकेका मालकाशी बोलणी करत बसलो तर जन्म जाईल, म्हणून १९२८ मधे राज्याने एक कायदाच केला, त्याने एका काऊंटीतल्या सगळ्या जमिनींचं एकगठ्ठा संपादन करता येऊ लागलं. हजाराहून जास्त तुकडे होते. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना ठरवलेला दर मिळाला. जे कुळं म्हणून राहत होते, किंवा कोणाच्या तरी जमिनीवर पिढ्यान् पिढ्या नुसते राहतच होते, त्यांना मोबदल्याचा प्रश्नच नव्हता.

तरी सुरुवातीला बहुतेकांचा समज असा होता की पार्क झालं तरी आपण राहू. १९३४ साली नॅशनल पार्क सर्व्हिसने स्पष्ट केलं की आत कोणी राहणार नाही, जागा रिकामी झाल्याशिवाय आम्ही ताब्यात घेणार नाही. साधारण पाचशे कुटुंबं होती. काहींसाठी पायथ्याला सरकारी वसाहती बांधल्या. काही आनंदाने गेले हेही सांगायला हवं. रस्ता, दवाखाना, शाळा खालीच होत्या, आणि डोंगरातलं जगणं तोवर फार कठीण झालं होतं.

कठीण होण्याचं एक मोठं कारण म्हणजे चेस्टनट. या डोंगरात चौथा-पाचवा हिस्सा झाडं अमेरिकन चेस्टनटची होती असं म्हणतात. शरदात त्याची फळं पोत्यांनी गोळा करून दुकानदाराला द्यायची आणि बदल्यात पोरांना बूट, घरात मीठ-साखर. डुकरं त्याच फळांवर पोसायची. लाकूड कुंपणाला, साल कातडी कमावणाऱ्या कारखान्यांना. १९०४ साली न्यूयॉर्कमधे या झाडांवर एक बुरशी आढळली, आशियातून आलेली, आणि पुढच्या तीसेक वर्षांत अब्जावधी झाडं उभ्या उभ्या वाळली. कोकणात नारळ आणि काजू एकदम गेले तर काय होईल, तसं काहीसं. जुन्या बुंध्यांमधून अजूनही धुमारे येतात, आम्हाला वाटेवर दिसले. लांबट, करवतीसारख्या दातेरी कडांची पानं. पुरुषभर-दोन पुरुष उंच होतात आणि पुन्हा बुरशी लागून मरतात.

पहिल्या दिवशी दुपारी स्कायलँडला पोचलो. जॉर्ज पोलॉक नावाच्या एका हौशी गृहस्थाने १८९० च्या दशकात इथे शहरी श्रीमंतांसाठी हवा खाण्याचं ठिकाण काढलं होतं, आपल्या माथेरान-महाबळेश्वरसारखं. पार्क व्हावं म्हणून सगळ्यात जास्त धडपडला तोही हाच. स्कायलँडच्या खाली पूर्वेला एक घळ आहे, कॉर्बिन हॉलो. तिथली माणसं स्कायलँडला कामाला यायची, पाहुण्यांना टोपल्या विणून विकायची. १९३३ साली या आणि आसपासच्या चार वस्त्यांवर 'हॉलो फोक' नावाचं पुस्तक निघालं. एक मानसशास्त्रज्ञ आणि एक पत्रकार, दोघांनी मिळून लिहिलेलं. सूर असा की ही माणसं शेकडो वर्षं मागे राहिली आहेत, जगाशी त्यांचा संबंधच नाही, त्यांना खाली आणणं हे त्यांच्याच भल्याचं. पार्कवाल्यांना आणि वर्तमानपत्रांना हे फार सोयीचं झालं.

पुढे १९९० च्या दशकात ऑड्री हॉर्निंग या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी याच वस्त्यांच्या जागी काम केलं. सापडलं काय? दुकानातून आणलेल्या बशा, औषधांच्या बाटल्या, मुलांची खेळणी, ग्रामोफोनच्या रेकॉर्डचे तुकडे. जगाशी संबंध नसलेल्या माणसांकडे ग्रामोफोन! गरिबी होती, विशेषतः कॉर्बिन हॉलोमधे, कारण चेस्टनट गेले आणि मंदीत स्कायलँडचे पाहुणेही आटले. म्हणजे ती गरिबी जगापासून तुटल्यामुळे आलेली नव्हती, जगाशी जोडलेलं असल्यामुळे आली होती. मला हा सगळ्या वाचनातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. 'मागासलेले आहेत' असं एकदा ठरवलं की त्यांना हलवणं हा अन्याय वाटत नाही, उपकार वाटतो.

रात्री रॉक स्प्रिंग हटला मुक्काम. हट म्हणजे तीन बाजूंनी भिंती आणि चौथी बाजू उघडी. अन्न अस्वलांपासून जपायला दूर एका लोखंडी खांबावर टांगून ठेवायचं. अस्वल दिसलं का, हा उरलेल्या सगळ्या नातेवाइकांचा प्रश्न. हो, दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. सफरचंदाच्या झाडाखाली बसून शांतपणे सफरचंदं खात होतं. आम्ही लांबूनच पाहिलं. जंगलात सफरचंद कसं, असं मित्राने विचारलं आणि मग त्याचं त्यालाच कळलं. आजूबाजूला पाहिलं तर झाडीत आणखी तीन-चार जुनी, वाकडी झाडं होती, आणि त्यांच्यामागे गडगा. बाबांनी पाहिलेला फोटो इथलाच.

तेव्हापासून आम्हाला दगडांचा नादच लागला. या वाटेवर दगडी कामं दोन प्रकारची आहेत. एक हे गडगे, झाडीत आडवेतिडवे जाणारे, कुठे ढासळलेले, शेवाळलेले, वाटेशी काही संबंध नसलेले. आणि दुसरं म्हणजे वाटेलाच आधार देणाऱ्या ताली, एकेक दगड बेतून बसवलेला, इतक्या वर्षांनी जागचा हललेला नाही. त्या १९३३ नंतरच्या. मंदीत बेकार तरुणांना काम देण्यासाठी रूझवेल्टने सीसीसी नावाची योजना काढली, तिचे तळ इथे पडले. त्या पोरांनी एव्हरीला हवी होती तशी नवी पायवाट बांधून दिली. इतकी उत्तम की चालताना चढ जाणवत नाही. आणि त्याच पोरांना दिलेलं दुसरं काम होतं रिकामी झालेली घरं पाडण्याचं, म्हणजे माणसं परत येऊन राहायला नकोत, आणि पाहुण्यांना डोंगर मोकळा दिसावा.

बिग मेडोज हे मोठं कुरण ओलांडलं. ३ जुलै १९३६ ला रूझवेल्टने इथेच भाषण करून पार्क राष्ट्राला अर्पण केलं. तिथून पुढे थोडं चाललं की ट्रेलला अगदी लागून टॅनर्स रिजचं कबरस्तान आहे. आजही वापरात असलेलं. गवत कापलेलं, काही थडग्यांवर ताजी प्लॅस्टिकची फुलं (ताजी म्हणजे रंग न उडालेली). काही दगडांवर नाव कोरलेलं, काही नुसतेच रोवलेले दगड. आम्ही तिथे दहा मिनिटं थांबलो असू. जिवंत माणसांना हलवलं, पुरलेल्यांना राहू दिलं आणि त्यांच्या माणसांना येऊ दिलं. पार्कभर अशी कबरस्तानं विखुरलेली आहेत, बहुतेक झाडीत बुडालेली. हे त्यातलं नांदतं.

इथे मला राहून राहून वासोट्याची आठवण येत होती. आमच्या आजोबांची थोरली बहीण कोयना खोऱ्यात दिलेली होती, हे घरच्यांना माहीतच आहे. कोयनेचं पाणी १९६० च्या दशकात चढलं आणि तिचं सासरचं गाव गेलं. मी कॉलेजात असताना बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून वासोट्याला गेले होते, तेव्हा आमच्या ग्रुपमधला प्रत्येकजण म्हणत होता, "काय घनदाट आहे, माणसाचा स्पर्शच नाही!" लाँच लागते तिथे मेट इंदवली नावाचं गाव होतं. ते उठलं. वाटेवर मारुती मात्र आहे. मारुती कोणी जंगलासाठी बसवत नाही. धरण आणि पार्क एक नव्हे, आणि कोयनेच्या विजेवर आम्ही सगळे वाढलो हेही खरं. पण 'माणसाचा स्पर्श नाही' हे वाक्य मी तेव्हाही ऐकलं आणि परवाही ऐकलं, एका अमेरिकन कुटुंबाकडून, गडग्यापासून शंभर पावलांवर. १९७६ साली तर पार्कचा सुमारे ४० टक्के भाग कायद्यानेच 'वन्य प्रदेश' म्हणून जाहीर झाला. शेतं सुटून तेव्हा जेमतेम चाळीस वर्षं झाली होती.

मायलम गॅपला ट्रेल स्कायलाइन ड्राइव्ह ओलांडतो. तिथून एक फाटा खाली हूव्हरच्या कॅम्पकडे जातो. वेळ नव्हता, गेलो नाही. पण त्या कॅम्पची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हूव्हरच्या वाढदिवसाला डोंगरातलं एक अकरा वर्षांचं पोर त्याला भेट म्हणून ओपॉसम हा प्राणी घेऊन आलं. बोलता बोलता राष्ट्राध्यक्षांना कळलं की इथे शाळाच नाही. मग हूव्हर पतिपत्नींनी स्वतः पुढाकार घेऊन शाळा बांधून दिली, १९३० मधे ती सुरू झाली, चांगल्या शिक्षिका आणल्या. पुढे पोरांची कुटुंबंच डोंगर उतरली आणि १९३८ मधे शाळा बंद पडली. ज्याने रस्त्याची कल्पना काढली त्यानेच शाळा काढली. माणूस वाईट होता असं मला म्हणवत नाही.

दुसरा मुक्काम बेअरफेन्स हटला. तिसऱ्या दिवशी सकाळी लुइस माउंटनचा कॅम्पग्राउंड लागला. लहानसा आहे, झाडीतला, तिथल्या दुकानात आइसक्रीम मिळतं (खाल्लं, दोन खाल्ली). १९३९ साली हा कॅम्पग्राउंड सुरू झाला तो फक्त कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी. बाकीच्या जागा गोऱ्यांच्या. १९५० पर्यंत हा भेद पूर्णपणे गेला. म्हणजे सगळ्या अमेरिकन जनतेसाठी म्हणून ज्यांची घरं उठवली, तिथे आलेल्या जनतेचेही दोन भाग केलेले होते.

या सगळ्या काळातली जवळजवळ तीनशे पत्रं पार्कच्या कागदपत्रांत आहेत. डोंगरातल्या लोकांनी अधिकाऱ्यांना लिहिलेली. कॅट्रीना पॉवेल या प्राध्यापिकेने त्यांवर अभ्यास केला आणि २००९ मधे त्यातली पत्रं पुस्तकरूपाने काढली. मी ते ट्रेकनंतर वाचलं. जी माणसं पुस्तकाप्रमाणे लिहिता न येणारी, त्यांची पत्रं! मागणं काय असायचं? सोडलेल्या घराच्या खिडक्या काढून नेऊ का? शेजारच्या रिकाम्या घराचं लाकूड मिळेल का? यंदाची सफरचंदं उतरवू का? शेजारी आपल्या वाट्याचं लाकूड घेऊन गेला, त्याला समज द्या. काल-परवापर्यंत जे आपलं होतं, त्याची परवानगी मागायची. आणि उत्तरं सरकारी. गरज भासल्यास कळवू, नियमात बसत नाही, तात्काळ जागा सोडावी.

अलीकडे पार्कभोवतालच्या आठ काऊंट्यांमधे एक चांगलं काम चाललंय. हललेल्या कुटुंबांच्या वंशजांनी आणि गावकऱ्यांनी २०१५ पासून ठिकठिकाणी दगडी धुराडी उभारली आहेत, नुसती धुराडी, घराशिवाय, आणि त्यावर त्या कुटुंबांची आडनावं कोरली आहेत. घर जळलं किंवा पाडलं तरी धुराडं उभं राहतं, म्हणून धुराडं.

काही म्हाताऱ्या माणसांना मात्र मरेपर्यंत आत राहायची मुभा मिळाली होती. त्यातली शेवटची ॲनी शेंक. ती १९७९ साली गेली. मकाय १९७५ मधे गेला, ९६ वर्षांचा होऊन. म्हणजे डोंगरावर वस्ती असावी असं लिहिणारा माणूस गेला तेव्हाही त्याच्या ट्रेलच्या डोंगरात ही एक बाई आपल्या घरी राहत होती.

पुढचा तुकडा स्विफ्ट रन गॅप ते रॉकफिश गॅप, पार्कचा दक्षिण भाग, साधारण ४५ मैल. पानं रंगायच्या सुमाराला जमलं तर जाऊ. त्या बाजूला शुगर हॉलो आहे. तिथे रॉबर्ट व्हियाची सफरचंदाची बाग होती. संपादनाचा कायदाच चूक आहे म्हणून तो कोर्टात गेला आणि खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. १९३५ मधे हरला आणि पेनसिल्व्हेनियात राहायला गेला. मोबदल्याचा चेक त्याने कधी वटवला नाही असं सांगतात. बाबांनी बजावून ठेवलंय की या वेळी गडग्याचे फोटो जवळून काढ, मधे मधे तू नको.